पेंढ्याच्या गठ्ठ्यावर भाजीपाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. अंगणात पहार मारली की वीतभर आत टणकन आवाज येतो, खाली सगळा जांभा. विकतची माती आणून वाफे केले, ते दोन पावसाळ्यांत व्हाळाला मिळाले. मग पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर भाजी करायला लागलो. घरी येणारा प्रत्येक जण त्या हिरव्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवून तेच तेच प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

हा प्रकार नेमका काय आहे?

पेंढ्याचा घट्ट बांधलेला गठ्ठा भिजवायचा, त्याला नत्र (नायट्रोजन) द्यायचं, दोन-तीन आठवडे आतून कुजू द्यायचा (यालाच आम्ही मुरवणं म्हणतो) आणि त्यात भोक पाडून रोप लावायचं. वाफा नाही, कुंडी नाही, नांगरणी-खणणी नाही. झाड वाढत असताना गठ्ठा आतून कुजत राहतो आणि झाड त्या कुजण्यावर जगतं.

म्हणजे झाड पेंढा खातं?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. पेंढा खातात जिवाणू आणि बुरशी. त्यांचं खाऊन झाल्यावर जे मोकळं होतं ते झाडाला मिळतं. पण या जिवाणूंना पेंढ्यातल्या कर्बाबरोबर (कार्बनबरोबर) नत्रही लागतं. भाताच्या पेंढ्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ६० ते ८० ला १ असतं. कुजणं नीट चालायला ते २५ ते ३० ला १ च्या आसपास हवं. ही तूट तुम्ही भरली नाही, तर जिवाणू मिळेल तिथून नत्र ओढतात, म्हणजे तुमच्या रोपाच्या तोंडचं. ‘कोरड्या गठ्ठ्यात रोप लावलं, पाणी घातलं, आठ दिवसांत पिवळं पडून मेलं’ असं सांगणारे जे भेटतात, त्यांचं सगळ्यांचं हेच झालेलं असतं.

गठ्ठ्याला कुंडी समजू नका. ती मंद आचेवरची खताची भट्टी आहे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यातूनच निघतात.

ही कल्पना आली कुठून?

अलीकडच्या काळात ती जगभर पोचवली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या जोएल कार्स्टन यांनी. त्याआधी, १९६०च्या दशकात, ब्रिटनमधले काचघरवाले शेतकरी काकडी आणि टोमॅटो पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर घेत होते, कारण वर्षानुवर्षं तेच पीक घेऊन त्यांच्या मातीत रोग साठले होते. आपल्याकडे मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाचा चोथा पिशव्यांत भरून त्यावर भाज्या काढून दाखवल्या. आणि धिंगरी अळंबी करणारे तर कधीपासून पेंढाच भिजवत आहेत. तेव्हा फार परकं काही नाही.

माझ्याकडे चांगली जमीन आहे. मी करू का?

नका करू. शेणखत घाला आणि वाफे करा. जिथे मातीच नाही (कातळ, फरशीचं अंगण, गच्ची), जिथे माती खारी आहे किंवा पाणी साचून राहतं, किंवा जिथे वांग्या-टोमॅटोला दरवर्षी मर लागते, तिथे गठ्ठा कामाचा. ज्यांना वाकून काम जमत नाही त्यांच्यासाठीही. आमच्या आईचे गुडघे गेले आहेत. चिऱ्यांवर ठेवलेला गठ्ठा तिच्या कमरेपर्यंत येतो, त्यामुळे ती उभ्याने मिरच्या तोडते.

कोणता पेंढा घ्यावा?

भाताचा पेंढा उत्तम. विदर्भात यालाच तणस म्हणतात. गव्हाचं काडही छान, पण ते काड हवं, मळणी यंत्रातून निघालेला भुसा नको. भुसा बांधला जात नाही. सोयाबीनच्या आणि हरभऱ्याच्या भुशाची तीच गोष्ट. तो पोत्यात दाबून भरला तर चालतो, फक्त मग त्याला गठ्ठा म्हणायचं नाही.

ज्वारीचा कडबा यासाठी वापरू नये. एक तर ताटं जाड, त्यामुळे मध्ये पोकळ्या राहतात आणि पाणी सरळ खाली जातं. दुसरं म्हणजे कडब्याला गोठ्यात जी किंमत आहे ती बघता तो कुजवणं मला पटत नाही. उसाचं पाचट मात्र करून बघण्यासारखं आहे. कोल्हापूर-सांगलीकडे ते फडात पडलेलं असतं आणि अनेक जण काडी लावून मोकळे होतात. पेंढ्यापेक्षा ते हळू कुजतं, त्यामुळे मुरवायला आठवडाभर जास्त धरा, आणि हातमोजे घाला, पात्यांच्या कडा हात कापतात.

वाळलेलं गवत नको. त्यात बी असतं. आम्ही पहिल्या वर्षी माहिती नसताना डोंगरावरच्या गवताच्या भाऱ्याचा गठ्ठा केला. पंधरा दिवसांत त्यावर अशी हिरवळ आली की टोमॅटो शोधावे लागले. भाताच्या पेंढ्यातही राहिलेले दाणे उगवतात, पण ती रोपं उपटली की संपलं.

नवा, सोनेरी पेंढा आणि गेल्या वर्षीचा करडा पडलेला पेंढा यांत मी जुना घेईन. त्याच्यावरचा मेणचटपणा गेलेला असतो, पाणी लवकर मुरतं. फक्त आतून काळा, बुरसटलेला नको. धूळ आणि बुरशी नाकात जाते, दमा असेल तर तोंडाला फडकं बांधा.

तयार गठ्ठे मिळतात का? नाही मिळाले तर?

जिथे कापणी यंत्राने होते तिथे आता ट्रॅक्टरला बेलर लावून गठ्ठे बांधतात. चौकोनी गठ्ठा मागा. साधारण ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ३५ उंच आणि सुका असताना १५ किलोच्या आसपास असलेला गठ्ठा सोयीचा. गोल गठ्ठा मिळाला तर तो आडवा न ठेवता उभा करायचा, म्हणजे सपाट तोंड वर येतं. बाकी सगळं तेच.

कोकणात अजून बऱ्याच ठिकाणी भात झोडतात आणि पेंढा पेंढ्या बांधून उडवीला लावतात. त्याचे गठ्ठे हातानेच करावे लागतात. फळ्यांची बिनबुडाची, बिनझाकणाची पेटी करा. तळाला आडव्या दोन आणि उभी एक अशा नायलॉनच्या दोऱ्या पसरा. पेंढ्या सोडून पेंढा थरांत घाला, प्रत्येक थर पायाने तुडवा. पेटी भरली की एकाने वर उभं राहायचं आणि दुसऱ्याने दोऱ्या आवळायच्या. हातचा गठ्ठा बेलरइतका घट्ट होत नाही. तो दहा किलोच्या आत भरतो आणि महिनाभर आधी बसतो. तरी चालतो. मुलांना तुडवायला बोलवा, काम लवकर होतं.

सुतळीने बांधलेला गठ्ठा असेल तर त्यावर नायलॉनचे दोन वेढे आणखी घ्याच. सुतळी पेंढ्याआधी कुजते, आणि ऐन फळावर आलेल्या झाडाखाली गठ्ठा उलगडला की काही करता येत नाही.

कधी सुरू करावं?

पाऊस ओसरला की. गणपती गेले की गठ्ठे मांडून मुरवायला घ्यायचे, दसऱ्याच्या आसपास रोपं लावायची. म्हणजे टोमॅटो-वांगी डिसेंबरात हाताशी येतात. या वेळी नवा पेंढा बाजारात आलेला नसतो, म्हणून गेल्या हंगामातला उन्हाळ्यातच घेऊन कोरड्यात ठेवा. ते जमलं नाही तर भात कापणीनंतर नोव्हेंबरात सुरू करा, हंगाम थोडा पुढे जाईल इतकंच.

गठ्ठा ठेवायचा कसा?

काड्यांची कापलेली टोकं वर आणि दोऱ्या बाजूला, अशा रीतीने. टोकं वर असली की काड्या नळ्यांसारख्या उभ्या राहतात, पाणी आत उतरतं, मुळंही उतरतात. दोऱ्या वर आल्या तर भोकं पाडताना विळ्याखाली येतात.

सहा तास तरी ऊन हवं. जागा आधी नक्की करा. भिजल्यावर गठ्ठा सुक्याच्या तिप्पट जड होतो, मग दोघांनाही हलत नाही. आणि हलला तर आकार सोडतो. मांडव करायचा असेल तर खांब आत्ताच रोवा किंवा बांधा, नंतर नाही.

मुरवायचं कसं? दिवसवार सांगा.

हे माप १५ किलोच्या एका गठ्ठ्याचं आहे. युरिया स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, मुठीने नको.

पहिला दिवस: आधी २० लिटर पाणी हळूहळू. पहिली बादली बहुतेक वाहूनच जाते, पेंढा पाणी झटकतो. वर ओलं गोणपाट टाकून त्यावर ओता. मग ६० ग्रॅम युरिया पसरून पाण्याने आत उतरवा.
तिसरा आणि पाचवा दिवस: पुन्हा ६०-६० ग्रॅम आणि पाणी. मधल्या दिवशी फक्त पाणी.
सातवा, आठवा, नववा दिवस: रोज २० ग्रॅम आणि पाणी.
दहावा दिवस: दोन ओंजळी गांडूळखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड वर पसरा, पाण्याने जिरवा.
त्यापुढे: रोज पाणी, आणि थंड होण्याची वाट.

एकूण युरिया २४० ग्रॅम होतो. हा आकडा कुठून आला? १५ किलो पेंढ्यात अंदाजे ६ किलो कर्ब आणि ९० ग्रॅम नत्र असतं. ३० ला १ प्रमाण करायचं तर नत्र २०० ग्रॅम हवं, म्हणजे ११० ग्रॅमची तूट. युरियात ४६ टक्के नत्र असतं, हिशोब तिथे येतो. तुमचा गठ्ठा लहान-मोठा असेल तर त्याच प्रमाणात बदला. पालाश (पोटॅश) वेगळं द्यायची गरज नाही, पेंढ्यात ते मुळातच भरपूर असतं, म्हणून चुलीतली राख इथे ओतू नका. युरियाबरोबर राख किंवा चुना पडला तर नत्र अमोनिया होऊन हवेत जातं.

युरिया वापरायचा नाही. मग?

चालेल, पण तूट तेवढीच भरावी लागेल. शेंगदाणा पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र असतं, म्हणजे एका गठ्ठ्याला दीड-पावणेदोन किलो. निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के, म्हणजे सव्वादोन किलो. पेंड रात्री भिजत घालायची, सकाळी कालवून ओतायची, पाच-सहा वेळा विभागून. मुरायला दोन नव्हे तर तीन-साडेतीन आठवडे लागतात. नुसती शेंगदाणा पेंड वापरली तर उंदरांना आमंत्रण, म्हणून अर्धी निंबोळी मिसळा. वास तिलाही येतो, पण उंदरांना तो आवडत नाही.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी घरोघरी पोचवलेल्या जीवामृताबद्दल (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून करतात ते) हटकून विचारतात. जरूर घाला, एका गठ्ठ्याला पाच लिटर. पण जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. त्याने जिवाणू येतात, नत्राची तूट भरत नाही. मी एकदा नुसत्या जीवामृतावर दोन गठ्ठे ठेवले. दीड महिना लागला, आणि तरी झाडं फिकट.

मी स्वतः काय करतो? निम्मा युरिया, निम्मी पेंड. यावर दोन्ही बाजूंचे लोक मला बोलतात.

गठ्ठा आतून कढतोय. बिघडलं का?

नाही, जमलं. चौथ्या-पाचव्या दिवशी आतलं तापमान ५० अंशांच्या पुढे जातं, सकाळी वाफ दिसते. अमोनियाचा, म्हणजे गोठ्यातल्या मुताचा, वास येतो आणि आठवड्यात जातो. या काळात रोप लावलं तर मुळं शिजतील.

थंड देशांत ही ऊब वरदान असते, रोपं लवकर लावता येतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात ती डोकेदुखी आहे. तापमापक नसेल तर लोखंडी सळई गठ्ठ्याच्या पोटात खुपसा, दहा मिनिटांनी काढून मुठीत धरा. हात मागे घ्यावासा वाटला तर अजून थांबा. अंघोळीच्या कोमट पाण्याइतकी लागली तर लावा.

आणि तापलाच नाही तर?

शंभरातल्या नव्वद वेळा आत कोरडा असतो. वरून ओला दिसतो, हात घातला की आत खडखडीत. सळईने दहा-बारा भोकं पाडा आणि पुन्हा पाणी. हातमापाचा सैल गठ्ठाही फारसा तापत नाही. तो तीन आठवड्यांनी आतून काळपट आणि मऊ लागला की तयार समजा.

गठ्ठ्यावर छत्र्या उगवल्या आहेत.

शुभ लक्षण. बुरशी कामाला लागली. सकाळी उगवतात, दुपारी काळं पाणी होऊन विरघळतात. झाडाला काही करत नाहीत. खायच्या मात्र नाहीत. ‘आमच्याकडे पावसात अशीच अळंबी खातात’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही नाही.

रोप लावायचं कसं? बी पेरता येतं का?

विळ्याच्या टोकाने वीतभर खोल भोक करा, त्यात दोन मुठी माती-शेणखत घाला, त्यात रोप दाबून बसवा, बाजूचा पेंढा परत लोटा. संध्याकाळी लावा. पहिले चार दिवस नारळाच्या झावळीची सावली करा.

कोथिंबीर, मेथी, पालक पेरायचे तर गठ्ठ्यावर दोन इंच माती-गांडूळखताचा थर द्या आणि त्यात पेरा. नुसत्या पेंढ्यावर बारीक बी खाली घसरून जातं.

काय लावावं, काय नाही?

टोमॅटोसाठीच हा गठ्ठा जन्माला आला असं मी म्हणतो. एका गठ्ठ्यावर दोन रोपं, तीन नाहीत. वांगी दोन, मिरची तीन-चार. काकडी दोन-तीन, गठ्ठ्यावरून खाली सोडली की फळं स्वच्छ राहतात. दुधी, कारलं, दोडका यांचा एक वेल गठ्ठ्याच्या टोकाला लावून मांडवावर चढवा. घेवडा फार छान येतो. कोबी येतो, पण जागा इतकी खातो की परवडत नाही. गठ्ठ्याच्या बाजूंनाही भोकं पाडून पुदिना, पालक लावता येतो. आणि पायथ्याशी, जिथे निथळलेलं तपकिरी पाणी येतं, तिथे थोडी माती ओढून अळू लावा. एवढ्या मोठ्या पानांचं अळू आमच्याकडे विहिरीजवळसुद्धा कधी झालं नव्हतं.

मुळा आणि गाजर वाकडेतिकडे होतात. मका आणि उंच भेंडी वाऱ्यात गठ्ठ्यासकट कलतात. बटाटा येतो म्हणतात, आणि येतोही, पण काढायला गठ्ठा फोडावा लागतो. म्हणून तो शेवटचं पीक म्हणून.

पाणी किती?

थंडीत एका गठ्ठ्याला रोज चार-पाच लिटर, मार्चनंतर आठ-दहा, दोन वेळा विभागून. पेंढा मातीइतकं पाणी धरून ठेवत नाही आणि चारही बाजूंनी वारा लागतो. दोन दिवस गावाला गेलात तर मातीतलं वांगं वाट बघतं, गठ्ठ्यावरचं बघत नाही. म्हणून ठिबक लावणं शहाणपणाचं. गठ्ठ्यावरून एक नळी आणि तासाला दोन लिटरचे दोन-तीन ड्रिपर पुरतात. एकदा गठ्ठा आतून पूर्ण वाळला की पुन्हा भिजवणं पहिल्यापेक्षा कठीण जातं.

उलट, खालून सतत पाणी गळत असेल तर तुम्ही नत्र वाहून घालवत आहात. ते काढ्यासारखं पाणी घमेल्यात धरा आणि परत वर घाला.

पानं पिवळी पडतायत.

खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी. गठ्ठा अजून ते खातो आहे. दर पंधरा दिवसांनी भिजवलेल्या पेंडीचं पाणी किंवा दहापट पाण्यात गोमूत्र द्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह वगैरे सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडली. पेंढ्यात ती फारशी नसतात, म्हणूनच सुरुवातीला गांडूळखत घालायला सांगितलं. बोअरच्या जड पाण्यावर हे जास्त दिसतं.

टोमॅटोचं बूड काळं होतंय.

रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही, आणि न पोचण्याचं कारण बहुतेक वेळा अनियमित पाणी. आधी पाणी रोज सारखं करा. मग हवं तर हरभऱ्याएवढा खायचा चुना लिटरभर पाण्यात कालवून त्याची निवळी द्या, पण युरिया दिलेल्या दिवशी नको.

पेंढ्यावर तणनाशक मारलेलं असेल तर?

विचारायलाच हवा असा हा प्रश्न, आणि नेमका हाच कमी जण विचारतात. भात आणि गव्हात २,४-डी आणि तशी रुंद पानांच्या तणांसाठीची औषधं मारतात. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा सगळेच रुंद पानांचे. टोमॅटो तर २,४-डीच्या वाऱ्यानेही वाकतो. विकणाऱ्याला विचारा, आणि तो ‘काही मारलेलं नाही’ म्हणाला तरी चाचणी करा. पेंढा बारीक कापून मातीत निम्मा-निम्मा मिसळा, दोन कुंड्या भरा, तिसरी नुसत्या मातीची. तिन्हींत घेवडा किंवा चवळी पेरा. दोन-तीन आठवड्यांत पेंढ्याच्या कुंड्यांत पानं वाटीसारखी वळली, देठ पिळले, तर तो पेंढा घेऊ नका. नुसती पिवळी पडली तर घाबरू नका, ती नत्राची गोष्ट.

वाळवी, मुंग्या, उंदीर, साप?

वाळवी: जमिनीवर थेट ठेवलेला गठ्ठा तिला दिलेलं ताट आहे. खाली चिरे किंवा विटा घाला, आणि चिऱ्यांवर मातीचे बोगदे दिसले की रोज पुसून काढा. दहा दिवसांत तिचा नाद सुटतो.

मुंग्या: गठ्ठा कोरडा पडल्याची खूण. भरपूर पाणी द्या, त्या घर बदलतात.

उंदीर: कोरड्या, न वापरलेल्या गठ्ठ्यांच्या थप्पीत. ओल्या गठ्ठ्यात सहसा राहत नाहीत.

आणि उंदीर आले की त्यांच्यामागे साप. हे मी घाबरवायला लिहीत नाही. कोकणात सड्यावर फुरसं असतं, आणि ते रंगाने पेंढ्यात मिसळून जातं. साठवलेला गठ्ठा उचलण्याआधी काठीने हलवा, पायात बूट, हातात मोजे, आणि दोरीखाली न बघता बोटं घालू नका. गच्चीवरही विंचू-गोम निघते.

वानरांचं काय?

यावर गठ्ठ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही नाही. मिरची, अळू, पुदिना आणि कारलं ते कमी छळतात, बाकी जाळी.

गच्चीवर ठेवले तर स्लॅबला झेपेल का?

हिशोब करू. सुका गठ्ठा १५ किलो, भिजून ४५, त्यावर झाडं-फळं-काठ्या धरून ५०. त्याखालची जागा ०.९ गुणिले ०.४५, म्हणजे सुमारे ०.४ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला १२५ किलो. भारतीय मानकांनुसार (आयएस ८७५) वापरातल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो. म्हणजे एकाला एक लावून सगळी गच्ची भरली तर तुम्ही मर्यादेच्या अगदी काठावर, आणि वर माणसं उभी राहणार ती वेगळीच. भिंतीला किंवा तुळईला धरून एक रांग, मध्ये मोकळी जागा, असं ठेवलं तर सहसा अडचण नाही. जुन्या इमारतीत, गळक्या स्लॅबवर आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत नाही म्हणजे नाही. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गठ्ठ्याखाली चार इंच पोकळी ठेवा आणि ताट ठेवा. पुण्यात भावाच्या गच्चीवर आम्ही हे केलं नाही, आणि तपकिरी ओघळ खालच्या मजल्याच्या नव्या रंगावर उतरले. भिंत भावाने रंगवून दिली. पायऱ्यांवरचे नमस्कार पूर्ववत व्हायला त्यानंतर बरेच महिने लागले.

पावसाळ्यात चालतं?

कोकणात नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. गठ्ठ्यातलं सगळं अन्न धुऊन जातं आणि श्रावणापर्यंत तो शेणाच्या पोसारखा बसतो. मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या कमी पावसाच्या भागात जूनला सुरू केलं तर चालावं. छप्पर असेल तर कुठेही.

गुरांच्या तोंडचा चारा झाडाला घालता, पटतं का?

दरवर्षी पटतं असं नाही. दुष्काळात, चारा छावण्या लागलेल्या असताना पेंढा विकत घेऊन कुजवू नये, असं माझं सरळ मत आहे. पावसात भिजून गुरं खात नाहीत असा, किंवा बांधावर जाळला जाणार असलेला पेंढा घ्या. पाचट त्या बाबतीत निर्धोक.

युरिया घातलेला गठ्ठा गाईने खाल्ला तर?

धोका आहे. दूधवाले म्हणतील, आम्ही पेंढ्याला युरिया लावूनच देतो. बरोबर, पण ते १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून, सारखा शिंपडून, २१ दिवस हवाबंद ठेवून. वर पसरलेले युरियाचे दाणे गुराने चाटले तर विषबाधा होते, जीवही जातो. मुरवण्याच्या काळात गठ्ठ्यांना वई (कुंपण) घाला. शेळ्यांना वई पुरत नाही, तिथे माणूस हवा.

पेट घेईल का?

ओला गठ्ठा नाही. आतली ऊब एका गठ्ठ्याला पेटवण्याइतकी नसते, तो प्रकार मोठ्या गंजीत होतो. पण कोरडे कोपरे आणि साठवलेले गठ्ठे पेटतात, आणि आपला हंगाम नेमका दिवाळीत येतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळ्यांवर पाणी मारून ठेवा.

गठ्ठा किती दिवस टिकतो? नंतर काय करायचं?

थंड प्रदेशात वर्ष काढतो, आपल्या उष्णतेत पाच-सहा महिने. टोमॅटो संपेपर्यंत निम्म्या उंचीवर येतो. तेव्हा त्याच्यावर एकदा पालेभाजी घ्या. एप्रिलमध्ये दोऱ्या कापल्या की आत काळं, मऊ, वास नसलेलं खत मिळतं. मी ते आंब्याच्या आळ्यात घालतो आणि राहिलेल्याचा जांभ्यावर थर देतो. पाच वर्षांत एका कोपऱ्यात वीतभर माती झाली आहे. गेल्या वर्षी तिथे गठ्ठा न ठेवता लाल माठ पेरला.

दोऱ्या?

धुऊन, गुंडाळून ठेवा. पुढच्या वर्षी लागतात.